रिकामी असली तरी वेळेवर सुटणारी गाडी : प्रवासी बसची सुरुवात

दिवेघाट

शनिवार, १८ मार्च १६६२. सकाळचे सात. पॅरिसच्या सँ-आंत्वान वेशीपाशी तीन घोडागाड्या उभ्या होत्या आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला लक्झेंबर्ग राजवाड्याजवळ चार. दोन्हीकडे झगे घातलेले सरकारी अधिकारी, शिपाई, घोडेस्वार आणि बघ्यांची ही गर्दी! अधिकाऱ्यांनी लोकांना बजावलं की या गाड्या राजाच्या हुकमाने सुरू होताहेत, कुणी अडथळा आणला तर कडक शिक्षा होईल. मग गाडीवानांना निळे डगले दिले. त्यांच्यावर पुढच्या बाजूला राजाचं आणि पॅरिस शहराचं चिन्ह भरतकामात काढलेलं होतं. पहिल्या गाडीत एक शिपाई बसला आणि गाडी हलली. एका गाडीत आठ माणसं, भाडं माणशी पाच सोल (सोल हे तेव्हाचं फ्रेंच नाणं).

माझ्या मते ही जगातली पहिली शहरी बस. बस कशाला म्हणायचं ते आधी सांगतो, म्हणजे पुढे वाद घालायला सोपं जाईल. रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली, भाडं माणशी ठरलेलं, आणि उतारू मिळोत न मिळोत, वेळ झाली की गाडी सुटणार. या चार गोष्टी जिथे आहेत ती बस. ओढायला घोडा आहे की इंजिन, हा नंतरचा प्रश्न.

यातली चौथी अट सगळ्यात अवघड, आणि ती चौदाव्या लुईने जानेवारी १६६२ मध्ये दिलेल्या परवान्यात चक्क लिहिलेली आहे. गाडी ठरल्या वेळी निघेल, कितीही थोडी माणसं असली तरी निघेल, कुणीच नसेल तर रिकामी निघेल, आणि बसलेल्यांना आपल्या जागेपलीकडे एक छदामही जास्त द्यावा लागणार नाही. गाड्या दर साडेसात मिनिटांनी सोडायच्या होत्या. १६६२ साली!

ही कल्पना ब्लेझ पास्कलची. विज्ञानाच्या पुस्तकात द्रवाच्या दाबाचा नियम ज्याच्या नावावर आहे तोच. आपल्याकडे मेरुप्रस्तार म्हणून पूर्वीपासून ठाऊक असलेला अंकांचा त्रिकोण युरोपात त्याच्याच नावाने ओळखतात. त्याचा मित्र रोआनेझचा ड्यूक आणि आणखी दोन सरदार भागीदार होते. पास्कल तेव्हा फार आजारी होता. पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, वयाच्या ३९व्या वर्षी तो गेला. त्याआधी या धंद्यातल्या आपल्या हिश्श्यावर उचल घेऊन दुष्काळात सापडलेल्या ब्ल्वा भागातल्या गरिबांना पैसे पाठवायची त्याची धडपड चालली होती. मृत्युपत्रातही या उत्पन्नाचा काही भाग त्याने रुग्णालयांना ठेवला.

पहिल्या दिवसांचं वर्णन त्याची बहीण जिल्बेर्त पेरिए हिच्या पत्रात आहे आणि ते वाचताना मला फार आनंद झाला. ती सँ-मेरी चर्चच्या दाराशी गाडीची वाट बघत उभी होती. भावाचं घर लांब, चालायचं जिवावर आलेलं. एकामागून एक पाच गाड्या समोरून गेल्या आणि पाचही भरलेल्या! बसथांब्यावरची इतकी जुनी तक्रार दुसरी माझ्या वाचनात नाही.

मार्ग वाढत गेले. जुलैपर्यंत पाच झाले. त्यातला एक शहराभोवती गोल फिरणारा होता. त्याचे टप्पे पाडले होते आणि ठरावीक टप्प्यांपुढे जायचं तर पुन्हा पाच सोल.

मग हे बंद का पडलं? राजाचा परवाना पॅरिसच्या पार्लमेंतने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, नोंदवून घेतला तेव्हा एक अट घातली. सैनिक, हुजरे, नोकरचाकर आणि हातावर पोट असलेले कारागीर यांना या गाडीत बसायला बंदी. कारण काय, तर प्रतिष्ठितांना मोकळेपणाने बसता यावं. मूळ परवान्यात ही सोय ज्यांना भाड्याची गाडी परवडत नाही अशांसाठी आहे असं म्हटलंय, आणि त्याच माणसांतल्या मोठ्या भागाला दार बंद! पुढे भाडं सहा सोल झालं, लोकांचं अप्रूप ओसरलं आणि पंधराएक वर्षांत सगळं थांबलं. त्यानंतर दीडशे वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

पुढची कडी १८२६, फ्रान्समधलंच नांत शहर. स्तानिस्लास बोद्री याची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती. उरलेल्या गरम पाण्यावर त्याने शेजारी स्नानगृह काढलं. ते शहराबाहेर, म्हणून गिऱ्हाइकांसाठी शहरातून गाडी सोडली. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की लोक आंघोळीला येतच नाहीत, मधेच आपापल्या कामाच्या ठिकाणी उतरतात. त्याने स्नानगृहाचा नाद सोडला आणि गाड्यांच्या मागे लागला. १८२८ मध्ये पॅरिसमध्ये शंभर गाड्यांचा परवाना मिळवला. या वेळी कुणालाही मज्जाव नव्हता.

लंडनबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, तिथली गोष्ट मोठी आहे.

---

खडीसाखर

सुंदर लेख. जिल्बेर्तताईंची तक्रार वाचून आमच्या ठाणे स्टेशनबाहेरची रांग आठवली. त्या पत्रात बायकांचा उल्लेख आहे का? की बाकी सगळे पुरुषच?

---

दिवेघाट

@खडीसाखर, आहे. बायकाही त्या गाड्यांतून प्रवास करत होत्या असं पत्रात स्पष्ट दिसतं. ती स्वतः एकटीने चर्चपाशी गाडीची वाट बघत होती हेही त्या काळात काही थोडं नाही. घरची गाडी नसलेल्या मध्यमवर्गीय बाईला शहरात एकटीने लांब जायची सोय तोवर कुठे होती?

---

गिअरबॉक्स

माहिती उत्तम, पण व्याख्या पटली नाही. घोडागाडी ती घोडागाडीच. खरी बस १८९५ची. जर्मनीत झीगन, नेटफेन, डॉइट्स या गावांदरम्यान बेंझची आठ आसनी मोटार चालली, पाच अश्वशक्तीची. गंमत म्हणजे तारीखही तीच, १८ मार्च!

ती गाडीही त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बंद पडली, हे मान्य. खराब रस्ते, चिखल, चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. पण तिथून जी वाट निघाली तीच आजवर आली. लंडनमध्ये १९१० साली बी-टाइप मोटारबस आली, ३४ आसनांची. मोठ्या संख्येने एकसारख्या बनलेल्या पहिल्या बसगाड्यांपैकी ती एक. पुढच्याच वर्षी लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने आपल्या घोड्यांच्या बस बंद केल्या. कित्येक दशकं चाललेला धंदा एका इंजिनाने वर्षभरात गुंडाळला. त्याला 'नंतरचा प्रश्न' म्हणता येणार नाही.

---

दिवेघाट

@गिअरबॉक्स, इंजिनाचं मोल मी कमी करत नाही. उलट घोड्यांचा हिशेब मांडला तर तुमचाच मुद्दा बळकट होतो.

लंडनच्या दोन घोड्यांच्या बसला दिवसभर रस्त्यावर ठेवायला अकराएक घोडे लागत. एक जोडी तीन-चार तास, बारा-पंधरा मैल ओढणार, की बदलायची. एखादा आजारी पडला तर राखीव हवा. शिवाय दगडी रस्त्यावर सारखं थांबायचं आणि पुन्हा जोर लावून निघायचं, यात घोड्याचे पाय जात. चार-पाच वर्षांत तो या कामातून बाद. म्हणजे कंपनीचा खरा खर्च गाडीवर नव्हताच, तबेल्यावर आणि चाऱ्यावर होता. बोद्री याच पायी बुडाला. १८२९-३०च्या कडक थंडीत चारा महागला, कर्ज वाढलं आणि १८३० मध्ये त्याने आत्महत्या केली. कंपनी मात्र टिकली. त्याच वर्षी जुलैत क्रांती झाली तेव्हा लोकांनी रस्ते अडवायला त्याच्या गाड्या आडव्या पाडल्या.

तरीही व्याख्येवर मी ठाम आहे. मोटारबस आली ती घोड्यांच्या बसच्याच मार्गांवर, त्याच भाड्यांच्या पद्धतीवर आली. माणसांना बसची सवय घोड्यांनी लावून ठेवली होती.

आता लंडन.

जॉर्ज शिलिबीर हा गाड्या बांधणारा कारागीर. पॅरिसमध्ये काम करताना त्याला मोठ्या गाड्या बांधायची ऑर्डर मिळाली आणि हे आपल्या शहरात का नको, असं त्याच्या मनात आलं. १८२७ मध्ये त्याने न्यूइंग्टन इथल्या क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेसाठी पंचवीस मुली बसतील अशी गाडी बांधली होती. शाळेच्या बसची ही पहिली नोंद.

४ जुलै १८२९ रोजी त्याची बस पॅडिंग्टनहून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत धावली. तीन घोडे एका ओळीत जुंपलेले, आत २२ उतारू, सगळे आतच. छतावर कुणी नाही, त्यामुळे पावसात भिजायचा प्रश्न नाही. पूर्ण प्रवासाला एक शिलिंग, अर्ध्या वाटेला सहा पेन्स. उतारूंना वाचायला वर्तमानपत्र ठेवलेलं. आधी जागा राखून ठेवायची गरज नाही, हात दाखवला की गाडी थांबणार.

शहराच्या मधून जाणारा सोपा मार्ग सोडून तो न्यू रोडने, म्हणजे शहराच्या कडेकडेने, का गेला असेल? कारण कायदा. लंडनच्या मधल्या भागात, जिथे फरसबंदी रस्ते होते तिथे, वाटेत माणसं चढवायचा-उतरवायचा हक्क फक्त भाड्याच्या घोडागाडीवाल्यांचा होता. ती मक्तेदारी १८३२च्या कायद्याने मोडली आणि मग शहराच्या पोटातून बस धावू लागल्या. माझं सगळं म्हणणं इथे एकवटतं. १६६२ मध्ये परवाना मिळाला, पण त्यावर अट घातली आणि गाडी मेली. १८३२ मध्ये अट काढली आणि गाडी जगली. घोडे दोन्हीकडे तेच होते.

कायदा मोकळा झाला तसे स्पर्धकही तुटून पडले. शिलिबीरने ग्रिनिचचा मार्ग धरला, तर १८३६ मध्ये त्या वाटेवर आगगाडी आली. कर थकले, गाड्या जप्त झाल्या. पुढे त्याने अंत्ययात्रेच्या गाड्या बांधायचा धंदा केला आणि तो चांगला चालला. १८६६ मध्ये तो वारला. शंभर वर्षं झाली तेव्हा, १९२९ मध्ये, लंडनच्या बसवाल्यांनी चिगवेलच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची पाटी लावली.

---

कोवळं_ऊन

एक शिलिंग म्हणजे तेव्हा मजुराच्या दिवसभराच्या कमाईचा मोठा हिस्सा होता, हे विसरू नका. पॅरिसने कारागिरांना कायद्याने बाहेर ठेवलं, लंडनने भाड्याने. शिलिबीरच्या बसमध्ये बसायचे ते कारकून, व्यापारी, पेढीवाले. बसही सकाळी कामगारांच्या वेळेनंतर सुरू होत. मजूर पहाटे चालतच जायचा. त्याला वाहन मिळालं ते फार नंतर, ट्राम आणि कामगारांसाठीच्या स्वस्त आगगाड्या आल्यावर. आगगाड्यांवर तर १८८३ मध्ये कायदा करून सक्ती करावी लागली.

तेव्हा 'सगळ्यांसाठी' हा शब्द जपून वापरायला हवा. शहर पसरलं, सुखवस्तू लोक उपनगरांत गेले, त्याला बसने हातभार लावला. गरीब मात्र कारखान्याच्या सावलीतच राहिला.

---

दिवेघाट

@कोवळं_ऊन, शंभर टक्के सहमत. माझ्या चार अटींत 'परवडणारं भाडं' ही पाचवी घालायला हवी, पण ती घातली तर १९व्या शतकातली एकही बस पास होणार नाही.

---

निवृत्त_वाहक

मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. धागा आवडीने वाचतोय. माझा प्रश्न साधा आहे. तिकीट कधीपासून? पैसे वाहकाच्या हातात आणि कागद नाही, तर मालकाला हिशेब कसा कळायचा?

---

दिवेघाट

काका, लाख मोलाचा प्रश्न. मालकाला हिशेब कळायचाच नाही. शिलिबीरला हीच डोकेदुखी होती. त्याने पायरीखाली उतारू मोजणारं यंत्र बसवलं आणि ते हातोड्याने फोडलं गेलं, अशी कथा सांगतात.

लंडन जनरल कंपनीने छापील तिकिटं आणली ती थेट १८९१च्या मे अखेरीस, म्हणजे शिलिबीरनंतर बासष्ट वर्षांनी! तोवर अलिखित व्यवहार असा की मालकाला अमुक रक्कम पोचली म्हणजे झालं, वरचं वाहक आणि गाडीवान वाटून घेत. पगार अपुरा असायचा, कारण मालकही ते धरूनच चालायचा. तिकीट आलं आणि वरकमाई एका दिवसात गेली. पगार पुरेसे वाढले नाहीत. जूनमध्ये संप झाला. लंडन आठवडाभर बसविना. संपातली मुख्य मागणी मात्र बारा तासांच्या दिवसाची होती, कारण ही माणसं चौदा-सोळा तास उभी असायची.

---

निवृत्त_वाहक

बारा तासांची मागणी! म्हणजे त्याआधी काय हाल असतील. पायांच्या शिरा फुगतात हो या कामात.

लोकांना वाटतं तिकीट फाडलं की झालं. आमच्या वेळी तिकिटांचा ट्रे असायचा, प्रत्येक किमतीचा वेगळा गठ्ठा. टप्पा बदलला की वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, प्रत्येक गठ्ठ्याचा चालू नंबर लिहायचा. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणजे गर्दीच्या गाडीत दर दहा-पंधरा मिनिटांनी हे काम. एका हाताने दांडा धरायचा, वेबिल गुडघ्यावर, गाडी खड्ड्यांतून चाललेली. मधेच तपासणीला साहेब चढले की ट्रेमधला नंबर आणि वेबिलावरचा नंबर जुळलाच पाहिजे. रात्री आगारात पैसे भरताना चार आणे कमी आले तर खिशातून घालायचे.

पण वेबिल होतं म्हणून माझ्यावर कधी कुणी बोट ठेवू शकलं नाही. कागद मालकाचं रक्षण करतो तसं वाहकाचंही करतो. त्या लंडनच्या पोरांना हे कुणी समजावून सांगितलं नसणार, आणि पगार न वाढवता सांगून पटलंही नसतं.

---

पिंपळपान

काका, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. वेगळा लेख लिहाच.

---

माळीवाडा

नगरकर म्हणून राहवत नाही. दिवेघाट यांची चौथी अट, रिकामी असली तरी सुटणारी गाडी, ती महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कुणी आणली असेल तर एसटीने.

त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. माझे आजोबा सांगायचे की गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर जागेवर बसायचाच नाही. हाकारे चालूच. सकाळी येऊन बसलेला माणूस उन्हं चढेपर्यंत तिथेच. भाडंही माणूस बघून. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालल्या. मागे लोखंडी टाकी, त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, पंख्याचा दांडा फिरवून फिरवून वारा घालायचा आणि गॅस धरला की मग इंजिन सुरू. आजोबांच्या धोतराला कायम ठिणग्यांची भोकं. चढावर गाडी दम टाकायची, सगळ्यांनी उतरून चालायचं, अगदी वर गिअरबॉक्स यांनी लिहिलेल्या जर्मन गाडीसारखं.

१९३९चा मोटार वाहन कायदा आला, परवाने आणि वेळापत्रकं आली, पण खरा फरक पडला १ जून १९४८ रोजी. मुंबई राज्याच्या सरकारी परिवहन सेवेची पहिली बस नगरहून पुण्याला निघाली. सुरुवात बेडफर्डच्या ३० गाड्यांनी झाली. लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या. आजोबांना त्या बसचं सगळ्यात मोठं नवल काय वाटलं असेल? घंटी वाजली, निम्म्या जागा रिकाम्या होत्या आणि गाडी निघाली! ते कितीतरी वर्षं हेच सांगत राहिले.

---

दिवेघाट

@माळीवाडा, वा! चौदाव्या लुईच्या परवान्यातली ओळ आणि तुमच्या आजोबांचं नवल यांत २८६ वर्षांचं अंतर आहे. लेख लिहिताना मला हेच सांगायचं होतं, तुम्ही घरचा पुरावा दिलात.

---

दर्यासारंग

मुंबईचं थोडं. इथे बसच्या आधी ट्राम. ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून. दुसरा मार्ग बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. भाडं तीन आणे, आणि काकांना ऐकून बरं वाटेल, सुरुवातीला तिकीट दिलंच जात नव्हतं.

वर घोड्यांचा हिशेब आलाय म्हणून हे आकडे देतो. ट्राम कंपनीने सुरुवात केली तेव्हा २० गाड्या आणि २०० घोडे होते, म्हणजे गाडीमागे दहा. १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम थांबली तेव्हा तबेल्यात १३६० घोडे होते. विजेची ट्राम ७ मे १९०७ला आली.

बस त्यानंतर एकोणीस वर्षांनी. १५ जुलै १९२६, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. सुरुवातीला २४ गाड्या. दुमजली बस १९३७ मध्ये. ७ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी महापालिकेकडे आली. मुंबईकराला बस मिळाली तीच मुळात इंजिनाची, त्यामुळे गिअरबॉक्स यांचं म्हणणं आमच्या शहरापुरतं बरोबर ठरतं.

---

गिअरबॉक्स

@दर्यासारंग, आभार. 🙂

एक विचारायचं राहिलं. घोडे एवढे महाग होते तर वाफेचं इंजिन का नाही लावलं? आगगाडी तर तेव्हा होतीच.

---

दिवेघाट

लावलं होतं! वॉल्टर हॅन्कॉकने १८३३ मध्ये लंडनमध्ये वाफेची बस चालवली, नाव 'एंटरप्राइझ', लंडन वॉल ते पॅडिंग्टन. त्याच्या गाड्या चांगल्या होत्या, १८३०च्या दशकात त्याने अशा बऱ्याच गाड्या बांधल्या आणि त्यांतून उतारूही नेले. पण तेव्हाचे रस्ते टोल गोळा करणाऱ्या मंडळांच्या ताब्यात होते आणि त्यांनी वाफेच्या गाड्यांवर घोडागाडीच्या कितीतरी पट टोल बसवला. घोडागाडीवाल्यांचा विरोध होताच. हॅन्कॉक १८४०च्या सुमारास थकून थांबला. पुढे १८६५च्या कायद्याने तर कहर केला. रस्त्यावरच्या यांत्रिक गाडीपुढे साठ यार्डांवर लाल बावटा घेऊन माणूस चालला पाहिजे, आणि गावात वेग ताशी दोन मैलांच्या वर नको. चालत्या माणसापेक्षा हळू बस कोण काढणार?

त्यामुळे तुमचं इंजिनही साठ वर्षं कायद्यापाशीच अडलं होतं, हे आता मान्य करा.

---

गिअरबॉक्स

टोलची भानगड मला माहीत नव्हती. एवढ्यापुरतं मान्य. व्याख्येवर मात्र भांडण चालू ठेवणार.